तापमान कोणी ठरवायचे? : थर्मोस्टॅट ते केंद्रीय इमारत-स्वयंचलन प्रणाली – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत, बँकेच्या शाखेत किंवा माहिती-तंत्रज्ञान संकुलातील एखाद्या कार्यालयात बसलेल्या व्यक्तीला थंडी वाजू लागली की तिची नजर भिंतीवरील एका लहानशा पेटीकडे वळते. ती पेटी म्हणजे थर्मोस्टॅट. जुन्या यंत्रणेत त्या पेटीवरील कळ फिरवली की खोलीचे तापमान बदलत असे. आजच्या मोठ्या इमारतीत मात्र तसे घडेलच याची खात्री देता येत नाही. खोलीचे तापमान किती असावे हा निर्णय पुष्कळदा त्या खोलीत होतच नाही. तो इमारतीच्या नियंत्रणकक्षात किंवा दूरच्या एखाद्या शहरातील संगणकावर आधीच झालेला असतो.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात वाफेचे इंजिन, रेल्वे, वीज आणि संगणक यांचा विस्ताराने विचार झाला. थर्मोस्टॅटकडे त्या मानाने फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक, मनुष्याने एखादा निर्णय यंत्रावर सोपवला, यंत्राने तो अखंड पाळला आणि कालांतराने तो निर्णय मूळ मनुष्याच्या हातून निसटला, या प्रक्रियेचे थर्मोस्टॅटइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल. प्रस्तुत लेखात थर्मोस्टॅटच्या उगमापासून केंद्रीय इमारत-स्वयंचलन प्रणालीपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे. या वाटचालीच्या प्रत्येक टप्प्यावर तापमान ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो का बदलला, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. आरंभ : अंडी उबवण्याची पेटी

तापमानाचे स्वयंचलित नियंत्रण प्रथम माणसांसाठी झाले नाही. ते कोंबडीच्या अंड्यांसाठी झाले. हॉलंडमधील आल्कमार येथे जन्मलेले आणि पुढे इंग्लंडच्या राजाश्रयाला गेलेले कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) यांनी सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात अंडी उबवण्याची एक भट्टी तयार केली. अंड्यांच्या कप्प्याभोवती पाण्याचे आवरण होते व त्या पाण्यात मद्यार्काने भरलेली काचनलिका बसवलेली होती. नलिकेच्या टोकाला पारा होता. पाणी तापले की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर सरके, पाऱ्यावरील दांडी उचलली जाई आणि भट्टीची झडप मिटू लागे. हवा कमी पडल्याने आग मंदावे व पाणी निवू लागे. मग हीच क्रिया उलट घडे. आगीवर लक्ष ठेवण्यासाठी रात्रभर माणूस बसवण्याची गरज उरली नाही.

यंत्राने स्वतःच्या कृतीचा परिणाम स्वतःच मोजावा आणि त्यानुसार पुढची कृती बदलावी, या तत्त्वाला आज प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनावरील गतिनियामकाचा उल्लेख या संदर्भात नेहमी केला जातो; परंतु तो १७८८ चा, म्हणजे ड्रेबेल यांच्या भट्टीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बोनमँ यांनी दोन धातूंच्या कमीअधिक प्रसरणाचा उपयोग करून गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी नियामक बनवला. त्यांचाही हेतू अंडी उबवण्याचाच होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अंड्याला किती ऊब हवी, याविषयी मतभेदाला जागा नव्हती. नियंत्रणाचे उद्दिष्ट निसर्गानेच ठरवून दिलेले होते. यंत्राला केवळ ते सांभाळायचे होते.

२. शब्दाचा जन्म : कारखाना आणि शिस्त

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘उष्ण’ आणि ‘स्थिर’ या अर्थांच्या शब्दांपासून तयार झाला. तो रूढ करणारे अँड्र्यू यूर हे ग्लासगो येथील अँडरसन संस्थेत रसायनशास्त्राचे अध्यापन करीत असत. १८३० मध्ये त्यांनी द्विधातू पट्टीवर आधारित उष्णतानियामकाचे एकस्व, म्हणजेच पेटंट, घेतले. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या तर उष्णतेने एक जास्त व दुसरी कमी प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते. ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी सागरी घड्याळासाठी वापरली होती. यूर यांनी त्याच वाकण्याचा उपयोग झडप उघडण्या-मिटण्यासाठी केला.

यूर यांची दुसरी ओळख या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १८३५ मध्ये त्यांनी कारखानदारीच्या तत्त्वज्ञानावर एक ग्रंथ लिहिला. यंत्रांनी स्वतःचे नियमन करावे आणि कामगाराच्या लहरीला व कौशल्याला शक्य तितका कमी वाव राहावा, अशी त्यात मांडणी होती. कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ या ग्रंथात यूर यांच्यावर स्वयंचलित कारखान्याचे स्तुतिपाठक म्हणून तिखट टीका केली. थर्मोस्टॅट हा शब्द आणि स्वयंचलित कारखान्याचे हे समर्थन एकाच लेखणीतून यावे, यास निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. यूर यांच्या दृष्टीने तापमानाचे नियमन हा व्यवस्थेच्या शिस्तीचा भाग होता. तेथे बसणाऱ्याच्या सोयीचा प्रश्न गौण होता.

३. प्राध्यापकाची अडचण : वॉरन जॉन्सन

थर्मोस्टॅट माणसांच्या खोलीत आला तो एका अध्यापकाच्या त्रासातून. वॉरन एस. जॉन्सन (१८४७–१९११) हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक होते. इमारतीची भट्टी तळघरात होती. देखभाल करणारा सेवक ठरावीक वेळाने प्रत्येक वर्गात येई, तेथे थंडी आहे की उकाडा हे पाही, पुन्हा तळघरात उतरे आणि झडपा कमीजास्त करी. त्याच्या या येरझाऱ्यांनी तास खंडित होत. वर्ग मध्येच थंड पडला तर सेवक पुन्हा येईपर्यंत विद्यार्थ्यांना कुडकुडत बसावे लागे.

यावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी एक विद्युत उपकरण तयार केले. १८८३ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. वर्गाचे तापमान मर्यादेपलीकडे गेले की या उपकरणातील द्विधातू वेटोळे हलून विद्युतमंडल पूर्ण होई आणि खाली भट्टीजवळ घंटा वाजे. घंटा ऐकून सेवक झडप हलवी. या पहिल्या रूपात यंत्र केवळ निरोप्याचे काम करीत होते. निर्णयाला आधार वर्गाच्या तापमानाचा होता, कृती मात्र माणसाचीच होती.

१८८५ मध्ये मिलवॉकी येथे जॉन्सन यांच्या नावाची विद्युत कंपनी स्थापन झाली आणि त्यांनी अध्यापन सोडले. पुढे १८९५ मध्ये त्यांनी संपीडित हवेवर चालणाऱ्या बहुकक्ष तापमान-नियंत्रण प्रणालीचे पेटंट घेतले. या पद्धतीत इमारतीच्या भिंतींमधून बारीक नळ्या फिरवून त्यांत कॉम्प्रेसरने दाबाखालील हवा सोडली जाई. खोलीतील थर्मोस्टॅटमधील धातूची पट्टी एका सूक्ष्म छिद्राच्या जवळ येई किंवा दूर जाई. त्यामुळे छिद्रातून गळणारी हवा कमीअधिक होई आणि नळीतील दाब बदले. तो दाब खोलीतील उष्णकाच्या झडपेवरील पडद्यावर पडून झडप तितक्याच प्रमाणात उघडे किंवा मिटे. विजेची गरज नाही, ठिणगीचा धोका नाही आणि झडप अर्धीमुर्धीही उघडता येते, हे या पद्धतीचे मोठे गुण होते. त्यामुळेच विसाव्या शतकाचा बराच काळ मोठ्या इमारतींत हीच पद्धत टिकून राहिली.

मुख्य म्हणजे आता प्रत्येक खोलीला स्वतःचे तापमान मिळाले. सेवकाची येरझार थांबली, तास अखंड झाला आणि ‘किती ऊब हवी’ हे ठरवण्याची कळ वर्गाच्या भिंतीवर आली. तापमानाचा अधिकार खोलीकडे आल्याचा हा क्षण होता.

४. घराची भट्टी

याच सुमारास मिनिॲपोलिस येथे अल्बर्ट बट्झ यांनी घरगुती कोळशाच्या भट्टीसाठी एक यंत्र तयार केले. खोली ठरलेल्या तापमानाखाली गेली की थर्मोस्टॅट विद्युतमंडल पूर्ण करी, त्यामुळे लहानशा मोटरची अडण सुटे, तिची भुजा अर्धा फेरा घेई आणि साखळीने भट्टीची हवेची झडप उघडली जाई. आग भडके व घर तापे. पुरेशी ऊब आली की मोटर दुसरा अर्धा फेरा घेऊन झडप मिटवी. पहाटे उठून तळघरात जाण्याचे कष्ट यामुळे वाचले. बट्झ यांच्या उद्योगाचे अनेक हातबदल झाले. अखेर १९२७ मध्ये मार्क हनीवेल यांच्या कंपनीशी त्याचे विलीनीकरण होऊन मिनिॲपोलिस-हनीवेल ही कंपनी उदयास आली. याच कंपनीने १९५३ मध्ये हेन्री ड्रेफस यांनी आखणी केलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. त्याची चकती हाताने फिरवायची, एवढेच घरातील माणसाला ठाऊक असणे पुरेसे होते.

घरगुती थर्मोस्टॅटने एक तांत्रिक धडाही दिला. खोली हव्या त्या तापमानाला पोहोचल्यावर आग बंद केली तरी तापलेली भट्टी आणखी काही काळ उष्णता देतच राहते आणि तापमान मर्यादेच्या वर जाते. म्हणून थर्मोस्टॅटमध्ये एक लहान तापकतार बसवण्यात आली. ती थर्मोस्टॅटला थोडे आधीच तापवून भट्टी किंचित लवकर बंद करी. चालू व बंद होण्याच्या तापमानांत मुद्दाम थोडे अंतर ठेवणे हीदेखील अशीच गरज होती. अन्यथा यंत्र सतत चालू-बंद होत राहते. अशा नियामकांच्या स्थैर्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्येच मांडायला आरंभ केला होता. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथात प्रत्याभरणाचे व्यापक शास्त्र उभे केले, तेव्हा त्यांनाही थर्मोस्टॅटचेच उदाहरण हाताशी धरावे लागले.

५. बंद खिडक्यांचा वाद

थंडाव्याच्या नियंत्रणाचा इतिहास थोडा निराळा आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. कारण दमटपणामुळे कागद आकुंचन-प्रसरण पावून रंगीत छपाईचे ठसे जुळत नसत. ‘एअर कंडिशनिंग’ ही संज्ञा १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रॅमर यांनी वापरली तीही कापडगिरण्यांच्या संदर्भात. म्हणजे येथेही आरंभी यंत्रणा मालासाठी होती, माणसांसाठी नव्हती.

माणसांचा प्रश्न अमेरिकेतील शाळांमध्ये ऐरणीवर आला. यांत्रिक वायुवीजन असलेल्या शाळांत पंख्यांनी ढकललेली हवा ठरल्या मार्गाने फिरावी म्हणून खिडक्या बंद ठेवण्याचा अभियंत्यांचा आग्रह असे. एका वर्गातील शिक्षिकेने खिडकी उघडली की सगळ्या इमारतीतील हवेचा तोल बिघडे. दुसरीकडे मोकळ्या हवेचे महत्त्व मानणारे शिक्षक व डॉक्टर खिडकीचा हक्क सोडायला तयार नव्हते. १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सी. ई. ए. विन्स्लो यांच्या अध्यक्षतेखाली वायुवीजन आयोग नेमला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात शाळांसाठी खिडक्यांद्वारे होणारे वायुवीजन समाधानकारक असल्याचा निर्वाळा देण्यात आला.

पुढील काळात बांधकामाची दिशा मात्र उलट राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर उंच, काचेच्या, न उघडणाऱ्या खिडक्यांच्या इमारती सर्वत्र उभ्या राहिल्या. खिडकी हे सर्वांत साधे तापमान-नियंत्रक; तेच इमारतीतून नाहीसे झाले. खोलीतील माणसाकडे भिंतीवरील पेटीशिवाय दुसरे साधन उरले नाही.

६. नियंत्रणकक्ष आणि संगणक

इमारती मोठ्या झाल्या तशी त्यांतील यंत्रे वाढली. पाणी थंड करणारे चिलर, उष्ण पाण्याचे बॉयलर, प्रत्येक मजल्यावरील हवा हाताळणारे संच, शेकडो झडपा आणि पंखे या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांना इमारतभर हिंडावे लागे. विसाव्या शतकाच्या मध्यास दिवे, मापके व कळा असलेले केंद्रीय नियंत्रणफलक यंत्रकक्षात बसवले जाऊ लागले. सुरुवातीला प्रत्येक मापनबिंदूपासून फलकापर्यंत स्वतंत्र तार ओढावी लागे. पुढे एकाच तारेवरून अनेक संदेश आळीपाळीने पाठवण्याची सोय झाली. १९७२ मध्ये जॉन्सन यांच्याच कंपनीने इमारतीच्या नियंत्रणासाठी मिनीकॉम्प्युटरवर आधारित प्रणाली बाजारात आणली. १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर हवेच्या नळ्यांची जागा थेट अंकीय नियंत्रणाने घेण्यास सुरुवात केली.

आजच्या केंद्रीय प्रणालीची रचना साधारणपणे तीन स्तरांची असते. खालच्या स्तरावर तापमान, आर्द्रता, दाब व कार्बन डायऑक्साइड मोजणारे संवेदक आणि झडपा हलवणाऱ्या मोटरी असतात. मधल्या स्तरावरील नियंत्रक प्रत्यक्ष मोजलेले तापमान आणि ठरवून दिलेले तापमान यांतील फरक काढतात. हा फरक किती आहे आणि तो किती काळ टिकून आहे, या दोन्हींचा हिशेब करून थंड पाण्याची झडप किती उघडायची हे ते ठरवतात. सर्वांत वरच्या स्तरावर मध्यवर्ती संगणक असतो. कार्यालय सकाळी किती वाजता थंड करायचे, सुटीच्या दिवशी कोणते पंखे बंद ठेवायचे, बाहेरची हवा गार असेल तेव्हा चिलरऐवजी तीच आत कशी घ्यायची, विजेची मागणी वाढल्यास कोणता भार कमी करायचा, ही वेळापत्रके तेथे आखली जातात.

आरंभीच्या काळात प्रत्येक उत्पादकाची प्रणाली आपल्याच सांकेतिक भाषेत बोलत असे. त्यामुळे एकदा एका कंपनीची यंत्रणा घेतली की इमारतीचा मालक तिच्याशी कायमचा बांधला जाई. ही कोंडी फोडण्याच्या कामातही एका विद्यापीठाचा वाटा होता. कॉर्नेल विद्यापीठातील एच. मायकेल न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकेतील तापन-वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संघटनेच्या समितीने १९८७ मध्ये काम सुरू केले. १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ ही सर्वांना खुली असलेली संदेशन-पद्धती प्रमाण म्हणून मान्य झाली. २००३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. खोलीत बसलेल्या माणसाला मात्र त्या संभाषणात स्थान मिळाले की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

७. तेलसंकट : शासन आणि थर्मोस्टॅट

१९७३ च्या तेलसंकटाने तापमानाला राष्ट्रीय प्रश्नाचे रूप दिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर भाषण केले आणि नागरिकांनी हिवाळ्यात घरातील तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइट व रात्री ५५ अंश ठेवावे, असे आवाहन केले. १९७९ मध्ये आवाहनाची जागा नियमाने घेतली. बहुतेक अनिवासी इमारती हिवाळ्यात ६५ अंशांच्या, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सियसच्या, वर तापवू नयेत आणि उन्हाळ्यात ७८ अंशांच्या, म्हणजे सुमारे साडेपंचवीस अंश सेल्सियसच्या, खाली थंड करू नयेत, असा तो नियम होता. रुग्णालयांसारख्या काही इमारती त्यातून वगळल्या होत्या. फेब्रुवारी १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी हा नियम रद्द केला.

नियम अल्पायुषी ठरला तरी त्याचा परिणाम टिकला. ऊर्जाबचत हे केंद्रीय नियंत्रणाचे सर्वांत प्रबळ समर्थन ठरले. भिंतीवरील पेट्यांना कुलूपबंद आवरणे बसली, कळ फिरवण्याची कक्षा एक-दोन अंशांपुरती मर्यादित झाली. काही कार्यालयांतील थर्मोस्टॅट तर कोणत्याही यंत्राला जोडलेलेच नसतात, कर्मचाऱ्यांच्या समाधानापुरते ते भिंतीवर असतात, अशा आशयाचे वृत्त २००३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिले होते. जॉन्सन यांच्या वर्गात जी कळ अधिकाराचे साधन म्हणून आली, ती आता केवळ देखाव्यापुरती उरली.

८. ‘सरासरी माणूस’ आणि त्याचे प्रमाण

अधिकार केंद्राकडे गेल्यावर केंद्राने निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर डेन्मार्कमधील पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये दिले. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरील कपडे आणि शरीराची चयापचय क्रिया या सहा घटकांवरून एखाद्या गटाला वातावरण कितपत सुखद वाटेल हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. त्यासाठी कॅन्सस व डेन्मार्क येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांचा आधार घेण्यात आला होता. सर्वांत अनुकूल परिस्थितीतही किमान पाच टक्के लोक असमाधानी राहतील, हे त्याच समीकरणातून निघते. सर्वांना मानवणारे एक तापमान अस्तित्वातच नाही, ही कबुली या शास्त्राने आरंभीच दिली होती. व्यवस्थापनाच्या व्यवहारात मात्र ती मागे पडली.

२०१५ मध्ये किंगमा व व्हान मार्केन लिश्टेनबेल्ट या संशोधकांनी दाखवून दिले की, प्रचलित गणनेतील चयापचयाचे मूल्य सुमारे ४० वर्षे वयाच्या व ७० किलो वजनाच्या पुरुषावरून घेतलेले आहे. स्त्रियांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता त्यामुळे ३५ टक्क्यांपर्यंत जास्त गृहीत धरली जाऊ शकते. कार्यालयात शाल किंवा स्वेटर घेऊन बसणाऱ्या स्त्रीची तक्रार ही नाजूकपणाची नसून गृहीतकातील उणिवेची होती, असा याचा अर्थ होतो.

दुसऱ्या बाजूने, रिचर्ड डी डिअर व गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये जगभरातील १६० इमारतींमधील सुमारे २१,००० निरीक्षणांचा अभ्यास केला. ज्या इमारतींत खिडक्या उघडता येतात आणि स्वतःच्या सोयीचे बदल करता येतात, तेथील माणसे तापमानाचा बराच मोठा पल्ला सहज स्वीकारतात, असे त्यातून दिसून आले. केंद्रीय वातानुकूलित इमारतीतील माणसे मात्र थोड्याशा फरकानेही अस्वस्थ होतात. हा निष्कर्ष ऊर्जाबचतीच्या नेहमीच्या युक्तिवादाला छेद देणारा आहे. खोलीतील माणसाच्या हातून अधिकार काढून घेतला तर ऊर्जा वाचते असे मानले जात होते. प्रत्यक्षात, अधिकार असलेला माणूस अधिक उष्मा सहन करायला तयार असतो.

९. भारतीय संदर्भ

भारतात वातानुकूलन प्रथम चित्रपटगृहे, हॉटेले व मोजकी कार्यालये यांच्यापुरते होते. मुंबईतील १९३३ मध्ये सुरू झालेले रीगल चित्रपटगृह हे त्याचे एक आरंभीचे उदाहरण होय. १९५४ मध्ये टाटा सन्स व फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या सहकार्यातून मुंबईत व्होल्टास कंपनी स्थापन झाली. बट्झ यांच्या भट्टीपासून निघालेला धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचला तो १९८७ मध्ये, पुण्याजवळील हडपसर येथील टाटा हनीवेल या संयुक्त कंपनीच्या रूपाने. २००४ मध्ये टाटा समूह त्यातून बाहेर पडला आणि ती कंपनी हनीवेल ऑटोमेशन इंडिया या नावाने पुढे चालू राहिली. १९९० नंतर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाबरोबर काचेच्या बंद इमारतींचे युग पुणे-मुंबईत अवतरले आणि केंद्रीय नियंत्रणकक्षही आले.

धोरणाच्या पातळीवर २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये स्थापन झालेले ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि २००७ मध्ये जाहीर झालेली इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता हे महत्त्वाचे टप्पे होत. १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश सेल्सियस ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. वापरणाऱ्याला ते बदलता येते. कार्टर यांच्या नियमापेक्षा हा मार्ग वेगळा आहे. येथे मर्यादा लादलेली नाही, केवळ आरंभबिंदू सुचवलेला आहे. तसेच, अहमदाबाद येथील सेप्ट विद्यापीठातील संशोधनातून देशाच्या पाच हवामान क्षेत्रांतील कार्यालयांच्या पाहणीवर आधारलेले भारतीय अनुकूलन प्रारूप २०१४ मध्ये तयार झाले व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याचा समावेश झाला. भारतीय माणसाला मानवणारे तापमान हे बाहेरच्या ऋतूप्रमाणे बदलते, हे त्यात मान्य करण्यात आले आहे. पंखा, खिडकी, सुती कपडे आणि माठातील पाणी यांच्या साहाय्याने उन्हाळा काढणाऱ्या समाजाला यात नवीन काही वाटणार नाही. पण कुठलेही प्रमाण ठरवताना ते लिखित स्वरूपात असणे आवश्यक असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, तापमान-नियंत्रणाची प्रत्येक नवी पायरी एखादी खरी अडचण दूर करण्यासाठी आली. रात्रभराचा पहारा, खंडित होणारा तास, पहाटेची भट्टी आणि तेलाचा तुटवडा या अडचणी काल्पनिक नव्हत्या. म्हणून स्वयंचलनाला सरसकट विरोध करणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसरी, प्रत्येक पायरीबरोबर तापमान ठरवण्याचा अधिकार सरकत गेला. तो सेवकाकडून खोलीकडे आला आणि तेथून पुन्हा नियंत्रणकक्षाकडे गेला. या दुसऱ्या स्थलांतराची चर्चा फारशी कधी झालीच नाही, कारण ते तांत्रिक सुधारणेच्या स्वरूपात आले.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब प्रत्याभरणाच्या तत्त्वाशीच निगडित आहे. स्वतःच्या कृतीचा परिणाम मोजून पुढची कृती बदलणे हे या तत्त्वाचे सार आहे. आजची प्रणाली हवेचे तापमान दशांश अंशापर्यंत मोजते, परंतु त्या हवेत बसलेल्या माणसाला थंडी वाजते की नाही, हे बहुतेक वेळा तिला कळत नाही. जॉन्सन यांच्या १८८३ च्या उपकरणात निदान एक घंटा तरी होती. वर्गातील परिस्थिती त्या घंटेद्वारे तळघरापर्यंत पोहोचत असे आणि तेथे ती ऐकणारा माणूस होता. महाविद्यालये, ग्रंथालये व प्रयोगशाळा यांच्या नव्या इमारती आखताना उघडणारी खिडकी, प्रत्येक दालनासाठी मर्यादित पण खरी चालणारी कळ आणि तक्रार नोंदवून घेणारी यंत्रणा या तीन गोष्टींचा आग्रह धरला गेला, तर ऊर्जेची बचत आणि माणसाची सोय यांत विरोध राहणार नाही. एका प्राध्यापकाच्या वर्गात सुरू झालेल्या या इतिहासाची पुढची दिशा ठरवण्यात अध्यापकवर्गाचा सहभाग असणे उचित ठरेल.